छापलेल्या जॉबचा झिरो: थ्रीडी प्रिंट केलेल्या धातूच्या भागांचं अचूक मशीनिंग

गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये गेल्या पावसाळ्यात एक खोका आला. पुण्याहून, चोर्ला घाट उतरून. आत फोमच्या गादीत एक इंपेलर (पंपात फिरून पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) होता, १४० मिलिमीटर व्यासाचा, दोन्ही बाजूंनी तबकडी असलेला, म्हणजे बंद प्रकारचा. धातू ३१६ एल स्टेनलेस स्टील. वेर्ण्याच्या एका कारखान्यातल्या कूलिंग टॉवरच्या जुन्या परदेशी पंपाचा हा भाग. त्याचा पॅटर्न (साचा करायचा नमुना) कुठे उरलेला नाही आणि एका नगासाठी कुठलीही फाउंड्री साचा करून देत नाही. म्हणून झिजलेला इंपेलर स्कॅन करून, पावडरवर लेझर फिरवून नवा छापून घेतलेला. आमच्या मेस्तांनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि विचारलं, "हो धरपाचो खंय?"

हा धरायचा कुठे, आणि सगळी मापं जिथून घ्यायची तो मूळ बिंदू, म्हणजे झिरो, कुठला, हाच या सगळ्या कामातला खरा प्रश्न. कापणं त्यानंतरचं.

२०१२ साली खाणी बंद होईपर्यंत आमचं पोट बार्जचे प्रोपेलर शाफ्ट आणि खनिजाच्या प्लांटचे रोलर यांच्यावर चालायचं. कास्टिंग आणि फोर्जिंग अंगवळणी पडलेलं. कास्टिंग खडबडीत असतं, त्याचं वाकडेपण डोळ्यांना दिसतं, म्हणून माणूस सावध राहतो. छापलेला भाग नाकीडोळी नीटस असतो. तो बघून वाटतं, फक्त बोअर (शाफ्ट बसायचं मधलं भोक) काढली की झालं. तिथेच फसायला होतं. छापलेल्या भागाला देखणं कास्टिंगच समजा, म्हणजे निम्म्या चुका टळतील.

उरलेल्या निम्म्या टाळायच्या असतील तर छपाईच्या आधी फोन करावा लागतो. आम्ही पहिल्या नगाला केला नाही, दुसऱ्याला केला. दोन्ही नगांची गोष्ट या लेखात आलटून पालटून येईल.

छापण्याआधी: ड्रॉइंगवर बसून ठरवायच्या गोष्टी

लेझर पावडर बेड पद्धतीत साधारण १५ ते ४५ मायक्रॉनचे धातूचे कण ३० ते ६० मायक्रॉनच्या थरांत पसरले जातात, आणि प्रत्येक थर लेझरने जागच्या जागी वितळवला जातो. वितळणं आणि थिजणं क्षणार्धात होतं. त्यामुळे दोन गोष्टी पदरात पडतात. पृष्ठभागाला अर्धवट चिकटलेले कण राहतात, म्हणून उभ्या बाजूंचा खडबडीतपणा आरए (म्हणजे सरासरी) ६ ते १५ मायक्रॉनच्या आसपास असतो, खाली तोंड करून छापलेल्या बाजूंचा त्याहून वाईट. दुसरं म्हणजे आत ताण साठतो. एवढ्या आकाराच्या भागात माप एक-दोन दशांश मिलिमीटरने इकडेतिकडे होणं नेहमीचंच. आमच्या इंपेलरची बोअर २५ एच ७ होती, म्हणजे ० ते अधिक २१ मायक्रॉन. छपाईतून ती मिळणार नाही हे सांगायला नकोच.

पहिला मुद्दा कापायच्या जागी किती जादा धातू ठेवायचा. आम्ही पावडर बेडच्या भागांना बाजूला ०.८ मिलिमीटर मागतो. ज्या प्लेटवर भाग छापला जातो तिच्याकडच्या तोंडाला, जिथे वायरकट (विजेच्या तारेने कापणारं मशीन) किंवा बँडसॉ फिरणार, तिथे दीड ते दोन. तार किंवा पावडर नोझलमधून ओतत बांधलेले मोठे भाग असतील, तर २ ते ३ मिलिमीटर. ग्राहक पुष्कळदा म्हणतो, ०.२ ठेवा, छपाईचे पैसे वाचतील. मान्य करू नका. लेझर बाहेरची कडा वेगळी आखतो आणि आत रेघा भरतो. कडा आणि भरणी जिथे भेटतात, त्या पट्ट्यात कातडीच्या खाली साधारण एक ते तीन दशांश मिलिमीटरवर बारीक भोकं राहण्याची शक्यता सर्वांत जास्त. ०.२ कापून थांबलात तर नेमके त्या भोकांच्या गावात उतरता, आणि सीलची जागा सुईने टोचल्यासारखी दिसते. अर्ध्या मिलिमीटरच्या पलीकडे गेलं की घट्ट धातू लागतो.

दुसरा मुद्दा उभं कसं छापणार. आडव्यापासून ४५ अंशांहून कमी कलाच्या खालच्या बाजूंना आधाराचे खांब लागतात. खांब तोडल्यावर त्यांचे खुंट उरतात. तेव्हा खांब यायचेच असतील तर ते आपण कापणार असलेल्या तोंडावर यावेत, पोटात नकोत. बंद इंपेलरच्या वाटांमध्ये खांब आले तर ते काढायला हात कुठून घालणार?

तिसरा मुद्दा सर्वांत मोलाचा, आणि सर्वांत जास्त वेळा राहून जाणारा: पकडायला काहीतरी मागा. दुसऱ्या नगाला आम्ही मागच्या तबकडीच्या मध्यावर ५५ मिलिमीटर व्यासाचा, १५ मिलिमीटर लांबीचा भरीव गोल खुंट मागितला. चक त्याला पकडणार, आणि शेवटी तो कापून टाकायचा. छपाईवाल्याने काम वाढतंय म्हणून कुरकुर केली. पहिल्या नगाला खुंट नव्हता. त्याच्यासाठी फिक्स्चर करायला आमचा पूर्ण दिवस गेला. गोल नसलेल्या भागांना खुंटाऐवजी दोन बाजूंना जाड कान किंवा डव्हटेलची पट्टी मागता येते. तत्त्व एकच.

आणि भोकं. १० मिलिमीटरच्या आतली, अचूक हवी असलेली भोकं छापूच नका, भरून टाका. छापलेलं आडवं भोक वरच्या बाजूने ओघळतं, गोल राहत नाही, जागेवरही नसतं. त्यात ड्रिल घातलं की ड्रिल जुन्याच वाटेने जातं.

मॉडेल दोन वेगळ्या नावांनी ठेवा: एक छपाईचं, जादा धातू आणि खुंटासकट, आणि दुसरं तयार भागाचं. एकाच फाइलवर दोघांनी काम केलं की कोणीतरी चुकीच्या मापाला कापतं. आमच्याकडे झालंय.

खोका उघडल्यावर: आधी तराजू, मग मायक्रोमीटर

पहिल्या इंपेलरच्या छपाईच्या मॉडेलचं घनफळ १७२ घन सेंटीमीटर होतं. ३१६ एलची घनता साधारण ७.९, म्हणजे वजन १३५९ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. तराजूने दाखवलं १४३०. सत्तर ग्रॅम जास्त. मेस्त म्हणाले, तराजू खोटा असेल. तराजू खरा होता. सहापैकी तीन वाटांत पावडर ठासून भरलेली होती.

ही पावडर अंगावर घेण्यासारखी नाही. ती उडाली तर फुप्फुसात जाते, कूलंटमध्ये मिसळली तर मशीनच्या स्लाइडमध्ये घासते, आणि भट्टीत तशीच गेली तर घट्ट होऊन वाट कायमची बुजते. म्हणून मास्क लावून, हातमोजे घालून, लाकडी हातोडीने टकटक करत, बाटली धुवायच्या लांब ब्रशने मोकळी करत व्हॅक्युमने ओढून घ्या. कॉम्प्रेसरची हवा उघड्यावर मारू नका. टायटॅनियम किंवा अ‍ॅल्युमिनियमची पावडर असेल तर घरगुती व्हॅक्युम क्लीनर अजिबात वापरू नका, तिला ठिणगी पुरते. त्या धातूंच्या आगीवर पाणी चालत नाही. कोरडी वाळू किंवा धातूंच्या आगीसाठीचं डी वर्गाचं अग्निशामक मशीनच्या शेजारी असायलाच हवं.

पावडर निघाल्यावर पुन्हा वजन करा. मॉडेलच्या एक-दोन टक्क्यांत आलं की पुढे जा. आत वाकड्या वाटा असतील तर स्वस्तातला एंडोस्कोप घाला. मोबाइलला जोडायचा मिळतो, तेवढा पुरतो.

मग छपाईवाल्याला विचारा: ताण काढला का, आणि प्लेटवरून सोडवण्याआधी काढला की नंतर? हा प्रश्न लेखीच विचारा. योग्य क्रम असा: पावडर बाहेर, भाग प्लेटला जोडलेला असतानाच भट्टी, आणि त्यानंतर वायरकट. आमच्या पहिल्या नगाला आधी प्लेटवरून कापलं होतं आणि भट्टीचं नाव नव्हतं. प्लेटने आवळून धरलेला ताण सुटला आणि मागची तबकडी मध्यापासून काठाकडे ०.३ मिलिमीटर उचलली गेली. नंतर भट्टीत घालून उरलेला ताण काढला, पण वाक तर आलेलाच.

कुठल्या धातूला कोणती भट्टी, हे तोंडपाठ असावं. १० टक्के सिलिकॉनच्या अ‍ॅल्युमिनियमला ३०० अंश सेल्सियसवर दोन तास ही जुनी रीत, पण त्याने धातू मऊ पडतो हे ग्राहकाला सांगा. टायटॅनियम ग्रेड ५ ला ६५० ते ८०० अंशांच्या दरम्यान, तेही निर्वातात किंवा आर्गॉनमध्येच, नाहीतर वर ठिसूळ कातडी येते आणि ती टूल खाते. मॅरेजिंग स्टील छापून आल्यावर ३५ एचआरसीच्या (कडकपणाचं माप) आसपास असतं आणि ४९० अंशांवर सहा तास ठेवलं की पन्नाशीच्या पुढे जातं. तेव्हा रफिंग भट्टीच्या आधी उरकून घ्या, फक्त फिनिशिंग मागे ठेवा. इन्कोनेल ७१८ चंही तसंच, एजिंगनंतर (भट्टीत ठेवून कडक केल्यावर) ते फार त्रास देतं. ३१६ एलला आम्ही १०५० ते ११०० अंशांवर पूर्ण अनील करून (तापवून मऊ करून) झटपट थंड करायला सांगतो, कारण पाण्यात काम करणाऱ्या भागाला ५५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात रेंगाळू दिलं तर गंजाला वाट मिळू शकते. एक गंमत लक्षात ठेवा. छापलेलं ३१६ एल बाजारातल्या बारपेक्षा बरंच कडक असतं, अनील केल्यावर मऊ आणि चिकट होतं. दोन्ही अवस्थांत ते टूलवर वेगळं वागतं.

झिरो शोधणं

आता मेस्तांचा प्रश्न. इंपेलरमध्ये कापायचं काय? बोअर, हबची (मधल्या गाभ्याची) तोंडं, दोन्ही वेअर रिंगच्या (पाण्याची गळती अडवणाऱ्या कड्यांच्या) जागा आणि बाहेरचा व्यास. न कापता तसंच राहणार काय? पाती आणि पाण्याच्या वाटा. मग बोअरचं केंद्र कशाशी जुळायला हवं?

सवयीने आम्ही पहिल्या नगाचा बाहेरचा व्यास डायलने फिरवून मध्यावर आणला, ०.०५ च्या आत, आणि खूश होऊन बोअर काढली. पण बाहेरचा व्यास वाकलेल्या तबकड्यांचा होता, वाटांचा नव्हे. पात्यांचं खरं केंद्र तिथून जवळजवळ एक दशांश बाजूला होतं. हे बॅलन्सिंगच्या मशीनवर कळलं. तेव्हा उशीर झाला होता.

नियम असा: जे कापायचं नाही, त्यावरून जे कापायचं ते बसवा. दुसऱ्या नगाला असं केलं.

इंपेलर सरफेस प्लेटवर तीन छोट्या जॅकवर ठेवला, मागची बाजू खाली. बाहेरच्या परिघावर सहा वाटांची सहा तोंडं उघडतात. प्रत्येक तोंडाची वरची आणि खालची कडा हाइट गेजने घेतली आणि मध्य काढला. सहा मध्यांमध्ये फरक ०.३५ मिलिमीटर आला. जॅक खालीवर करून तो ०.१२ वर आणला. बाकीचा फरक धातूतच होता, तो कुठल्याच जॅकने निघणार नव्हता. आडवं केंद्र काढायला भाग रोटरी टेबलवर घेतला, सहाही पात्यांच्या बाहेरच्या टोकांवर लिव्हर डायल टेकवला आणि आकडे कागदावर लिहिले. समोरासमोरच्या जोड्यांचा फरक निम्मा करत टेबलवर भाग सरकवला. चार फेऱ्यांत सहाही टोकं ०.०६ च्या आत आली. मग प्रत्येक कापायच्या तोंडावर जादा धातू किती उरतो ते पाहिलं. कुठेही कमी पडत नव्हता. कुठे कमी पडला असता तर केंद्र थोडं तिकडे झुकवून मधला मार्ग काढला असता. हा हिशोब चिप पडायच्या आधी करायचा असतो.

स्कॅनर असेल तर हेच काम अर्ध्या तासात होतं. पण सॉफ्टवेअरला मोकळं सोडू नका. "बेस्ट फिट" म्हटलं की ते सगळ्या पृष्ठभागांना सारखं वजन देतं, आधारांच्या खुंटांनाही. जुळवणीसाठी फक्त वाटा आणि पाती निवडा, बाकीच्या तोंडांवर फक्त किमान धातू शिल्लक आहे एवढं तपासा.

केंद्र सापडल्यावर ते हरवू नये म्हणून तिथल्या तिथे, टेबलवरून भाग न काढता, हबच्या तोंडावर आणि काठावर साक्षीच्या रेघा ओढा. त्यानंतर लेथवर खुंटाला पकडून त्या रेघांवर भाग जुळवायचा आणि पुढच्या हबला जराशी चकती मारून घ्यायची. ती ताजी, चकचकीत पट्टी पुढच्या सगळ्या कामाचा बाप. त्यानंतर खडबडीत छापलेल्या पृष्ठभागावर डायल लावायची गरज पडू नये.

पकडणं

खुंट असल्यामुळे चक आवळला तरी तबकड्यांना धक्का लागत नाही. बोअर मात्र खुंटाच्या आत ३ मिलिमीटर जाऊन थांबवायची, आरपार नेली तर जबड्यांच्या दाबाने तोंडाशी त्रिकोणी होते. जबडे मऊ, आणि त्याच व्यासाला खोदून घेतलेले.

पातळ तबकड्या घंटेसारख्या वाजतात. टूल लागलं की किंचाळतात आणि पृष्ठभागावर लाटा उठतात. आम्ही वाटांमध्ये मशीनिंगचं मेण वितळवून ओततो. काम झालं की गरम पाण्यात निघतं. मेण मिळालं नाही तर प्लास्टरही चालतं, पण ते काढताना कंटाळा येतो.

व्हाइसमध्ये धरायच्या चौकोनी भागांना तीन-दोन-एकची जुनी शिस्त पुरते: मोठ्या तोंडाला तीन टेकू, बाजूला दोन, टोकाला एक. टेकू छोटे ठेवा, कारण खडबडीत पृष्ठभागावर मोठं पॅरलल ठेवलं की भाग डुगडुगतो. आणि फिनिशिंगच्या आधी एकदा आवळ सैल करा, डायल टेकवून. काटा १०-१५ मायक्रॉन हलला तर भाग वाकवून धरला होता असं समजा आणि कमी दाबाने पुन्हा धरा.

कापणं

पहिला कट भित्र्यासारखा घेऊ नका. वरचे अर्धवट चिकटलेले कण आणि कडक कातडी यांच्यावर टूलची धार नुसती घासत राहिली तर १० मिनिटांत इन्सर्टच्या (टूलच्या टोकाला बसवलेल्या कापणाऱ्या तुकड्याच्या) नाकाला खाच पडते. पहिलाच कट ०.४ ते ०.५ मिलिमीटर खोल घ्या, म्हणजे धार कातडीच्या खालून जाते. आधारांचे खुंट असतील तर आधी ग्राइंडरने मारून घ्या किंवा त्या कटाला चिवट ग्रेडचा इन्सर्ट लावा. तिथे कापणं थांबत-थांबत होतं आणि कडक, ठिसूळ ग्रेड फुटतात.

३१६ एलला कार्बाइडने टर्निंगला आम्ही वेग मिनिटाला १२० मीटरच्या आसपास धरतो, रफिंगला फीड (एका फेऱ्यात टूल पुढे सरकतं ते अंतर) ०.१८ मिलिमीटर, फिनिशिंगला ०.१. एंडमिलला ८० ते १००. फीड फार कमी केलं तर स्टेनलेस कडक होत जातं आणि पुढचा कट त्या कडक थरावर येतो, म्हणून "हळू म्हणजे सुरक्षित" हा हिशोब इथे उलटा पडतो. टायटॅनियम ग्रेड ५ ला ४० ते ६० मीटर, धारदार टूल, भरपूर कूलंट. इन्कोनेल ७१८ ला २५ ते ४०. सिलिकॉनच्या अ‍ॅल्युमिनियमला २०० ते ४०० मीटर खुशाल, पण सिलिकॉन धार झिजवतो हे विसरू नका.

मीटरचे फेरे करायचं सूत्र सगळ्यांना ठाऊक असतं, तरी एक उदाहरण. १० मिलिमीटरची चार धारांची एंडमिल, टायटॅनियम, ५० मीटर. हजाराने गुणून पाय (३.१४) आणि व्यासाने भागलं की मिनिटाला साधारण १५९० फेरे. दाताला ०.०५ मिलिमीटर धरलं तर फीड ४ गुणिले ०.०५ गुणिले १५९०, म्हणजे ३१८ मिलिमीटर प्रति मिनिट. छापलेलं, भट्टीत न गेलेलं टायटॅनियम बारपेक्षा कडक असतं. तिथे वेग खालच्या टोकाला ठेवा, दाताचं फीड मात्र तसंच. क्लाइंब मिलिंगच करा, म्हणजे चिप जाड सुरू होऊन पातळ संपते आणि घासणं टळतं.

बोअरचं. छापलेलं भोक २१ मिलिमीटरचं होतं. ते ड्रिलने मोठं करू नका, रीमर तर मुळीच घालू नका. दोघेही जुन्या भोकाच्या मागे जातात. सिंगल पॉइंट बोरिंग बारने काढा, कारण तो मशीनच्या अक्षाला धरून कापतो, भोकाला विचारत नाही. २३, २४.२, २४.७, मग मेण तापलेलं नाही हे पाहून शेवटचे दोन सारख्या खोलीचे हलके कट. पहिल्याने बार किती वाकतो ते कळतं, दुसऱ्याने माप पकडायचं.

खडबडीतपणाचा अंदाज आधीच काढता येतो: फीडचा वर्ग भागिले नाकाच्या त्रिज्येच्या आठपट. ०.१ फीड आणि ०.४ त्रिज्या असेल तर उंची ३.१ मायक्रॉन, ०.८ त्रिज्या घेतली तर १.६. पण मोठं नाक पातळ तबकडीला जास्त रेटतं, म्हणून वेअर रिंगला आम्ही ०.४ वरच राहिलो आणि फीड ०.०७ केलं.

आट्यांबद्दल थोडक्यात: टॅपऐवजी थ्रेड मिल वापरा. एखादं दडलेलं भोक किंवा कडक ठिपका आला तर टॅप मोडतो, आणि कित्येक दिवस खपून छापलेल्या भागात मोडलेला एम ६ टॅप काढायला इडीएमच्या (ठिणग्यांनी धातू खाणाऱ्या मशीनच्या) दारात उभं राहावं लागतं. थ्रेड मिल मोडली तरी तुकडा भोकातून सहज बाहेर पडतो.

पुढची बाजू, बोअर, पुढची वेअर रिंग आणि बाहेरचा व्यास एकाच पकडीत संपवा. मग भाग बोअरवर मँड्रेलला (बोअरमध्ये घट्ट बसणाऱ्या दांड्याला) बसवा, मँड्रेलचा रनआउट (फिरतानाची डगमग) ५ मायक्रॉनच्या आत असल्याची खात्री करून. तिथे खुंट कापायचा आणि मागचं तोंड व रिंग फिनिश करायची. चावीची खाच (इंपेलर शाफ्टशी अडकवणाऱ्या चावीसाठी), २५ च्या शाफ्टला ८ रुंदीची, सगळ्यात शेवटी.

मोजणं, आणि गोव्याची हवा

ड्रॉइंगवरचं माप २० अंश सेल्सियसचं असतं. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात दुपारी ते कुठे सापडणार? ३२ अंशांवर १४० मिलिमीटरचा स्टेनलेस व्यास २७ मायक्रॉन फुगलेला असतो. सुदैवाने मायक्रोमीटरही पोलादाचा असतो, तोही फुगतो. दोघं एकाच तापमानाला असतील तर चूक जेमतेम आठ मायक्रॉन उरते. त्यामुळे खोली थंड करण्यापेक्षा भाग, गेज आणि मास्टर रिंग एकाच टेबलावर दोन तास शेजारी ठेवणं जास्त फायद्याचं. ताज्या कटानंतर भाग हाताला कोमट लागत असेल तर मोजू नका. २५ च्या बोअरला १२ अंशांचा फरक पाच मायक्रॉन खातो, म्हणजे एच ७ च्या २१ मधला जवळजवळ चौथा भाग. अ‍ॅल्युमिनियमचं फुगणं याच्या जवळजवळ दीडपट असतं.

सीलच्या जागा बोटाने आणि भिंगाने बघा. खडबडीतपणा मोजायची सुई भोकांच्या मधून निघून गेली तर आकडा सुरेख येतो आणि पाणी तरी गळतं.

पावसाळ्यात आणखी एक. समुद्राच्या खाऱ्या हवेत स्टेनलेसवर दोन दिवसांत तांबूस ठिपके दिसतात आणि ग्राहक म्हणतो, धातू खोटा. धातू खरा असतो. माइल्ड स्टीलवर वापरलेल्या कानशीचे किंवा ब्रशचे कण पृष्ठभागात रुतलेले असतात, ते गंजतात. स्टेनलेससाठी वेगळी कानस, वेगळा ब्रश, शेवटी सायट्रिक आम्लाचं पॅसिव्हेशन (गंज न येण्यासाठीची धुलाई), आणि पिशवीत सिलिका जेल. वर चतुर्थीची सुट्टी लागणार असेल तर कूलंट लागलेला भाग मशीनवर तसाच सोडून जाऊ नका. चवथीहून परतल्यावर एका अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगवर आम्हाला नकाशा उमटलेला मिळाला होता.

बॅलन्सिंग

पंपाच्या इंपेलरला बॅलन्सिंगचा जी ६.३ हा दर्जा धरतात. २९०० फेऱ्यांना तो किलोमागे साधारण २१ ग्रॅम-मिलिमीटर येतो. आमचा तयार इंपेलर १.२ किलोचा, म्हणजे परवानगी २५. आता झिरो चुकण्याची किंमत बघा. वस्तुमानाचं केंद्र बोअरपासून फक्त ०.१ मिलिमीटर सरकलं तर १२०० ग्रॅम गुणिले ०.१, म्हणजे १२० ग्रॅम-मिलिमीटर. पाचपट. पहिल्या नगाचं मशीनवर ११० च्या आसपास आलं, म्हणजे ६० मिलिमीटर त्रिज्येवर जवळपास दोन ग्रॅम धातू मागच्या तबकडीतून खोदून काढावा लागला. तबकडी तिथे इतकी पातळ झाली की तो नग आम्ही दिला, पण स्पेअर म्हणून ठेवा असं सांगून. चावीच्या खाचेसाठी बॅलन्सिंगला अर्धी चावी घालायला विसरू नका, नाहीतर मशीन खाचेलाच दोष देतं.

दुसऱ्या नगाला ३१ आले. ६० च्या त्रिज्येवर मर्यादेपेक्षा एक दशांश ग्रॅम जास्त. बॉल एंडमिलने एक चिमूटभर खळगा, आणि १८ वर आला.

तिसऱ्या कामाची चौकशी परवा आली, डिचोलीच्या एका पॅकिंग मशीनच्या टायटॅनियमच्या हातासाठी. छपाईवाल्याने या वेळी फोनवर स्वतःच विचारलं की खुंट किती व्यासाचा हवा. मेस्त फोनवर नव्हते. त्यांनी मागून ओरडून सांगितलं, "पंचावन, आनी चॅम्फर दी म्हण सांग."